प्रशस्तिपत्रांतील विशेषणें

गेल्या महिन्यांत शेजारच्या बिऱ्हाडांतील एक मुलगी सायंकाळीं आमच्याकडे आली. रसायनशास्त्रांत पदवी संपादन करून पुढील अभ्यासासाठीं ती परदेशीं जाऊं इच्छिते. तिकडील विद्यापीठास तिच्या प्राध्यापकांचें शिफारसपत्र पाठवावयाचें होतें. प्राध्यापकमहाशय कामाच्या गर्दींत; त्यांनीं तिलाच सांगितलें कीं, मसुदा तूं करून आण, मी पाहून सही करितों. आपली स्तुति आपणच लिहावयाची, हा प्रसंग मोठा अवघड! मुलीनें तो धैर्यानें पार पाडला होता. कागद आमच्या हातीं देऊन ती म्हणाली, "आजोबा, शब्द भारदस्त आहेत ना, तेवढें पाहा."

शब्द भारदस्त होते यांत शंका नाहीं. बारा ओळींत एकोणीस विशेषणें आम्हीं मोजलीं. ॲम्बिशस, ॲसर्टिव्ह, मेटिक्युलस, स्क्रुप्युलस, इन्जेन्युअस अशी मिरवणूकच चालली होती. मनुष्यस्वभावाचें वर्णन करणाऱ्या उच्च इंग्रजी शब्दांची एक यादी तिला कोठेंशी मिळाली होती, आणि प्रत्येक शब्दापुढें एकेक मराठी प्रतिशब्द दिलेला होता. त्यांतील इन्जेन्युअस हा शब्द तर सरळ चुकला होता. तिला 'कल्पक' असें म्हणावयाचें होतें. तो शब्द इन्जीनिअस. इन्जेन्युअस म्हणजे निष्कपट, प्रसंगीं भाबडा. एवढी दुरुस्ती करून कागद परत देतां आला असता. परंतु त्या यादीनें आमच्या मनांतील एक जुनी गोष्ट जागी केली, म्हणून हा विषय आज वाचकांपुढें मांडीत आहों.

इंग्रजींत स्वभाववाचक शब्द किती आहेत याची गणती त्या लोकांनीं केलेली आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनीं १८८४ सालीं एका प्रसिद्ध पर्यायकोशावरून अजमास केला, तो सुमारें एक हजारांचा. पुढें १९३६ सालीं ऑलपोर्ट व ऑडबर्ट या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं वेब्स्टरचा मोठा कोश चाळून १७,९५३ शब्द वेचून काढिले, व त्यांचे चार ढीग केले. ज्यांनीं माणसाचा स्थिर स्वभाव सांगितला जातो असे शब्द भरले ४,५०४. सर्वांत मोठा ढीग मात्र निराळाच होता. त्यांत ५,२२६ शब्द असे होते कीं, ज्यांवरून त्या माणसाविषयीं इतरांचा अभिप्राय काय तेंच मुख्यतः कळावें. म्हणजे विशेषण लाविलें शेजाऱ्यास, परंतु त्यांत उमटला तो लावणाराचा निवाडा!

हे शब्द आले कोठून हें पाहूं गेल्यास मोठी मौज वाटते. एक मोठें घराणें वैद्यकांतलें. ग्रीक वैद्यांच्या मतें शरीरांत चार द्रव: रक्त, कफ, पिवळें पित्त व काळें पित्त. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील गेलन या वैद्यराजाचें वजन एवढें मोठें कीं, हें मत युरोपांत शतकानुशतकें चाललें. रक्ताधिक्य असलेला तो सँग्विन, म्हणजे उमेदी आणि आशावादी. कफप्रधान तो फ्लेग्मॅटिक, सहसा न हलणारा, न चिडणारा. पित्तानें भडकणारा तो कोलेरिक आणि काळ्या पित्तानें खिन्न झालेला तो मेलँकोलिक. या द्रवास नांव होतें ह्यूमर. त्याचा मूळ अर्थ ओलावा, मग अंगचा द्रव, मग मनाची लहर. बेन जॉन्सनचें १५९८ सालचें एक नाटक या लहरींवरच रचलेलें आहे. आज मात्र तोच शब्द विनोदाचा वाचक होऊन बसला आहे.

आपल्याकडे दोष तीन, आणि त्यांची साक्ष आपली बोलीही देतेच. माणूस रागावला कीं त्याचें पित्त खवळतें, आणि उपद्व्यापी पोरानें वात आणिला असें प्रत्येक घरांतील गृहिणी दिवसांतून एकदां तरी म्हणते. कफास तेवढें स्वभावांत स्थान मिळालें नाहीं. तो बिचारा खोकल्यापुरताच राहिला.

दुसरें घराणें ज्योतिषाचें. शनीच्या अमलाखालीं जन्मलेला तो सॅटर्नाइन, म्हणजे काळवंडलेल्या मुद्रेचा. हें आपल्याला कोणीं समजावून सांगावयास नको. परंतु गुरूच्या अमलाखालचा जो जोव्हियल, तो त्यांच्याकडे पंक्तींत हास्याचा खकाणा उडविणारा ठरतो. आपला गुरु देवांचा अध्यापक पडल्यामुळें त्यास तेवढें हसण्याची मुभा नसावी. बुधाच्या माणसास मर्क्युरियल म्हणतात. पाऱ्यालाही तेंच नांव असल्यामुळें चपळ व क्षणांत पालटणारा असे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दांत मिसळले आहेत. तो स्तुति आहे कीं निंदा, हें वाक्य पुरें झाल्यावांचून समजत नाहीं.

खरी अडचण येथेंच आहे. यादींतला एकशब्दी अर्थ शब्दाचा चेहरा सांगतो, त्याचा कल सांगत नाहीं. आणि कल तर पिढ्यांगणिक बदलतो. मेटिक्युलस या शब्दाच्या मुळाशीं लॅटिनमधील भीति आहे. प्रथम त्याचा अर्थ भित्रा असा होता, मग क्षुल्लक गोष्टींचा फाजील बाऊ करणारा, आणि आतां बारकाईनें काम करणारा म्हणून तो शिफारसपत्रांत मानानें बसतो. ॲम्बिशस हा शब्द ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ मतांसाठीं गल्लोगल्लीं फिरणें असा आहे. शेक्सपीअरच्या नाटकांत ब्रूटस सीझरवर जो दोष ठेवितो तो हाच. आणि आज आमच्या या मुलीस तें आपलें भूषण वाटतें! आपल्या भाषेची तरी गोष्ट निराळी कोठें आहे? स्मृतींत साहस हें बलात्कारानें केलेल्या अपराधाचें नांव आहे, आणि आपण मुलांस साहसकथा वाचावयास देतों. गीतेच्या बाराव्या अध्यायांत भक्ताच्या लक्षणांमध्यें उदासीन हें मोठें लक्षण सांगितलें आहे. परंतु "आपला मुलगा अभ्यासाविषयीं उदासीन आहे" असें आम्हीं पालकास कळविलें असतां एकाही पालकानें पेढे वांटले नाहींत.

हें सर्व आम्हांस पुष्कळ उशिरां कळलें, आणि त्याची किंमत दुसऱ्यानें दिली.

आमच्या नोकरीच्या प्रारंभींच्या वर्षांतील गोष्ट. एक गरीब विद्यार्थी होता. बुद्धि मध्यम, पण अंगीं परोपकार इतका कीं, वर्गांत कोणी आजारी पडलें तर त्याच्या घरीं टिपणें पोंचविणार हाच, शाळेंतील घागर रिकामी दिसली तर न सांगतां भरणार हाच. शाळा सोडल्यावर त्यानें एका कचेरींत कारकुनाच्या जागेसाठीं अर्ज केला व वर्तणुकीचा दाखला मागावयास आमच्याकडे आला. त्याच्या सेवावृत्तीस शोभेल असा शब्द आम्ही शोधूं लागलों, आणि विद्यार्थिदशेंत वाचलेली डॉ. जॉन्सनची एक विलापिका आठवली. लेव्हेट नांवाचा एक साधा वैद्य जॉन्सनच्या घरीं राहून लंडनच्या गोरगरिबांस औषध देत असे. तो १७८२ सालीं वारला, तेव्हां जॉन्सननें त्याच्या गुणांत ऑफिशस हा शब्द घातला. म्हणजे सेवातत्पर, उपयोगीं पडणारा. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांतही हा अर्थ दिलेला आहे. आम्हीं तोच शब्द मोठ्या समाधानानें, सुवाच्य अक्षरांत, दाखल्यांत लिहिला. मुलानें अर्थ विचारिला, आम्हीं सांगितला, त्याचे डोळे भरून आले.

जागा त्यास मिळाली नाहीं. कांहीं महिन्यांनीं त्या दाखल्याची प्रत आमच्या एका वडील सहाध्यापकांच्या दृष्टीस पडली. ते कांहीं बोलले नाहींत. कपाटांतून नवा कोश काढून त्यांनीं तो आमच्यापुढें उघडा ठेविला व आपल्या वर्गावर निघून गेले. ऑफिशस: न विचारतां दुसऱ्याच्या कामांत लुडबुड करणारा, अधिकार नसतां अधिकार गाजविणारा. जॉन्सनच्या कोशांतही हा दुसरा अर्थ होताच. पहिला अर्थ कालौघांत झिजून गेला व दुसरा तेवढा उरला, आणि ज्या मुलानें जन्मांत कोणावर अधिकार गाजविला नाहीं, त्याच्या नांवापुढें त्याच्याच गुरुजींच्या हस्ताक्षरांत तो लिहिला गेला. त्या शब्दामुळेंच जागा गेली असें आम्ही शपथेवर सांगूं शकत नाहीं. तो कारण नव्हता असेंही आम्हांस कधीं म्हणवलें नाहीं. आम्हीं दुसरा दाखला लिहून त्याच्या घरीं नेला. तोंवर तें कुटुंब गांव सोडून गेलें होतें. जुना कागद अद्यापि त्याच्याजवळ असेल, आणि आणखी कोणापुढें त्यानें तो अभिमानानें ठेविला असेल, हा विचार आजही मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

ही हकीकत मुलीनें शांतपणें ऐकून घेतली. मग म्हणाली, "पण आजोबा, साधे शब्द लिहिले तर त्यांना वाटेल, हिला इंग्रजीच येत नाहीं." प्रश्न रास्त होता. आम्हीं तिला म्हटलें, "शब्द राहूं दे. तूं तेथें केलेंस काय, तें एक सांग." बरीच भीड मोडल्यावर तिनें सांगितलें कीं, शेवटच्या वर्षीं प्रयोगशाळेंत तिनें घेतलेलीं सर्व मापें कोणी न तपासतांच मान्य झालीं होतीं, परंतु तराजूंत दोष होता असें तिला मागाहून आढळलें, तेव्हां तिनें स्वतः प्राध्यापकांस जाऊन सांगितलें व सुटीचे आठ दिवस बसून सर्व मापें नव्यानें घेतलीं. हें तिनें मसुद्यांत मुळींच घातलें नव्हतें. यादींत त्याला शब्द नव्हता ना!

तें सर्व आम्ही दोघांनीं बसून सरळ इंग्रजींत चार वाक्यांत उतरविलें आणि अठरा विशेषणें काढून टाकिलीं. एकोणिसावें होतें स्क्रुप्युलस. त्याचें मूळ तिनें विचारिलें, तेव्हां सांगितलें कीं, लॅटिनमध्यें स्क्रुप्युलस म्हणजे बारीक अणकुचीदार खडा. पादत्राणांत शिरला कीं पाऊलभर सुखानें टाकूं देत नाहीं, तसा मनांत सलणारा. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "मग हा राहूं द्या."

आम्हीं तो राहूं दिला. मात्र आधीं उठून, चालू आवृत्तीच्या कोशांत एकदां पाहून घेतला.