बोगदा एकच, न्याय दोन

आनेकल तालुक्यातील हेब्बगोडी, बोम्मसंद्र, चंदापूर परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांची चूल शेजारच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील नोकरीवर पेटते. कार्यालयाचे काम घरी आणणाऱ्या या मंडळींना 'व्हीपीएन' रोजच लागते. इंटरनेटच्या हमरस्त्याखालून काढलेला हा खासगी बोगदा; आतली वर्दळ बाहेरच्याला दिसत नाही. हाच बोगदा कंपनीने वापरला की ती उद्योगाची गरज ठरते आणि नागरिकाने वापरला की संशयाचे कारण, हा राजधानीचा दुटप्पीपणा तपासण्याजोगा आहे.

उद्योगाला सूट मिळायला वेळ लागला, पण ती मिळाली. कॉल सेंटर, बीपीओसारख्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांकडून घरून काम करून घ्यायचे तर दूरसंचार खाते एक कोटी रुपयांची सुरक्षा ठेव मागत असे. साथीच्या धास्तीने १३ मार्च २०२० रोजी ही अट शिथिल झाली आणि ५ नोव्हेंबर २०२० रोजी नोंदणी व बँक हमीही रद्द झाली.

नागरिकाच्या बाबतीत मात्र गाडी उलटी फिरली. गृह खात्याशी संलग्न संसदीय स्थायी समितीने २०२१ साली व्हीपीएन कायमचे बंद करण्याची शिफारस केली. २८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन'ने निर्देश काढला : व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकांची नावे, पत्ते व वापराचा हेतू पाच वर्षे जपून ठेवावा. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हे लागू नाही, असा खुलासाही झाला. अनेक परदेशी पुरवठादारांनी भारतातील सर्व्हर हलविले. नियम मान्य नसतील त्यांनी जावे, हीच सरकारची भूमिका होती.

सायबर गुन्हेगाराचा माग काढणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. प्रश्न मार्गाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील नियम संसदेपुढे ठेवावे लागतात. कलम ७०-बी खालील निर्देशाला ते बंधन नाही. परिणामी, कोट्यवधींच्या खासगीपणाला स्पर्श करणारा निर्णय सभागृहाची पायरी न चढताच लागू झाला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी ज्यांच्या याचिकेवर ठरविले, ते न्या. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती होते, हे येथे स्मरावे.

घरी स्वतःचा छोटा सर्व्हर चालवू पाहणाऱ्याची अडचण वेगळी. अनेक पुरवठादार एकच सार्वजनिक आयपी पत्ता कितीतरी घरांत वाटून देतात. त्यामुळे बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही. स्वतंत्र स्थिर पत्ता हवा तर जादा पैसे मोजावे लागतात. काय चालेल, काय नाही, हे करारातील बारीक अक्षरांत दडलेले असते आणि तो करार एकतर्फी असतो.

म्हणूनच दोन गोष्टी व्हायला हव्यात. असे निर्देश नियमांच्या रूपाने संसदेपुढे यावेत आणि घरगुती वापराच्या मर्यादा पुरवठादाराने जोडणीपूर्वीच ठळकपणे सांगाव्यात. कंपनीच्या गुपिताची कदर करणाऱ्या शासनाने तिच्या कर्मचाऱ्याच्या गुपिताचीही तेवढीच कदर करायला हवी.