श्री. घड्याळ यांचा विमानप्रवास



धावत्या एसटीतलं घड्याळ स्टँडवरच्या घड्याळापेक्षा हळू चालतं, असं कुणी सांगितलं तर? तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय!" पण आल्बर्ट आइन्स्टाइन या शास्त्रज्ञाने १९०५ साली नेमकं हेच सांगितलं. जो वेगाने जातो, त्याचं घड्याळ मागे पडतं. घड्याळ बिघडलं म्हणून नव्हे हं! त्याच्यासाठी काळच हळू सरकतो. पुढे त्यांनी आणखी एक भर घातली. जिथे गुरुत्वाकर्षण जास्त, तिथे काळ हळू. म्हणजे पायथ्याच्या घड्याळापेक्षा डोंगरमाथ्यावरचं घड्याळ किंचित पुढे जाणार!

मग आपल्याला हे जाणवत का नाही? कारण फरक अगदी सूक्ष्म असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने एसटी शंभर वर्षं न थांबता धावली, तरी वेगामुळे तिच्यातलं घड्याळ एका सेकंदाच्या सुमारे दोन लाखाव्या भागाएवढंच मागे पडेल. असा फरक कोण मोजणार?

तो मोजला, दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी. जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग ही त्यांची नावं. १९७१ च्या ऑक्टोबरात त्यांनी चार अणुघड्याळं घेतली. अणुघड्याळ म्हणजे अणूंच्या ठेक्यावर चालणारं अतिशय अचूक घड्याळ. खास विमान वगैरे काही नव्हतं बरं का! साध्या प्रवासी विमानांची तिकिटं काढली. घड्याळांसाठीही जागा राखल्या, 'श्री. घड्याळ' या नावाने! एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून अशा पृथ्वीभोवती दोन फेऱ्या झाल्या. परत आल्यावर जमिनीवरच्या घड्याळांशी वेळ ताडून पाहिली.

पूर्वेच्या फेरीत घड्याळं सरासरी ५९ अब्जांश सेकंद मागे पडली. पश्चिमेच्या फेरीत २७३ अब्जांश सेकंद पुढे गेली. एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा म्हणजे अब्जांश सेकंद.

असं उलटसुलट का झालं? उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून घड्याळं दोन्ही वेळा थोडी पुढे जाणारच. पण पृथ्वी स्वतःच पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पूर्वेला जाताना विमानाचा वेग त्यात मिळवला जातो, पश्चिमेला जाताना वजा होतो. आइन्स्टाइनच्या सूत्रांवरून उत्तर येत होतं ४० मागे आणि २७५ पुढे. विमानांच्या वेगाची आणि उंचीची माहिती काटेकोर नसल्यामुळे या गणितात वीस-बावीसचा फरक पडू शकत होता. म्हणजे मेळ बसला!

तरीही काहींच्या मनात शंका होतीच. १९७७ साली अमेरिकेने एनटीएस-२ हा उपग्रह सोडला. त्यातल्या अणुघड्याळाला काळाची दुरुस्ती करणारी सोय जोडली होती, पण ती मुद्दाम बंद ठेवली. म्हटलं, आधी पाहू या तरी! सुमारे २० दिवस मोजलं. घड्याळ पुढे जात होतं, आणि गणिताने सांगितलं होतं जवळजवळ तेवढंच. मग दुरुस्ती सुरू केली.

आज आई-बाबांच्या मोबाइलवर रस्ता दिसतो, तो जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांमुळे. ती वेगामुळे रोज ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि उंचीमुळे ४५ पुढे जातात. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. हा हिशेब धरून ही घड्याळं उड्डाणाआधीच थोडी हळू लावून ठेवतात.

पाहिलंत ना? आइन्स्टाइन केवढे मोठे, पण त्यांचं म्हणणंही शास्त्रज्ञांनी मोजून मगच स्वीकारलं. तेव्हा "हे कशावरून?" असं वर्गात विचारायला मुळीच लाजू नका. आणि पालकहो, तो प्रश्न घरी आला तर मुलांना गप्प बसवू नका. उत्तर मिळून शोधा.

आता वहीत गणित सोडवा. जीपीएसचं घड्याळ दुरुस्तीवाचून रोज किती मायक्रोसेकंद पुढे जाईल? उपग्रहाचा संदेश एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जातो. तर एका दिवसात त्या उपग्रहाचं अंतर मोजण्यात किती चूक होईल? उत्तर किलोमीटरमध्ये काढा आणि तुमच्या शाळेपासून तेवढ्या अंतरावर कोणतं गाव येतं, ते नकाशात शोधा!