चार पट पुरे आहे

गेल्या दिवाळीत पवनी तालुक्यातील आमच्या गावी माझ्या भाच्याने छर्‍यांची बंदूक आणि तिच्यावर चढवावयाची दुर्बीण मोठ्या हौसेने विकत आणली; परंतु पहिले दहा छर्रे कागदावर एकवटून लागले असताना पुढचे दहा जेव्हा चार बोटे दूर जाऊन पडले, तेव्हा त्या बिचार्‍याने आपल्या हातालाच दोष दिला. संध्याकाळी बंदूक उजेडात धरून पाहिली तो दुर्बिणीच्या दोन्ही कड्या खाचेवरून चांगल्या दोन सूत मागे सरकलेल्या, आणि जिथून त्या सरकल्या तिथे काळ्या रंगावर चकचकीत ओरखडा उमटलेला. मुलाचा हात निर्दोष होता.

अशी मुले आता आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० जूलपर्यंत ऊर्जेच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या हवेच्या बंदुकीस परवाना लागत नाही; त्यामुळे बंदूक घरात येते, पण ती शिकविणारा कोणी येत नाही. दुकानात ‘३ ते ९ पट’ हे शब्द ऐकले की खरेदीदार भारावतो. वस्तुतः वीस मीटरवरच्या कागदासाठी स्थिर चार पट आणि ३२ मिलिमीटरचे पुढचे भिंग पुरेसे आहे: ३२ ला ४ ने भागले म्हणजे डोळ्यापाशी येणारा प्रकाशाचा झोत ८ मिलिमीटर रुंद ठरतो, तर ४० मिलिमीटरच्या दुर्बिणीत नऊ पटीवर तो जेमतेम साडेचार उरतो आणि सांजवेळी चित्र काळवंडते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळविले, ते दुर्बिणीवाचून; त्या स्पर्धेत दुर्बिणीला मुभाच नाही.

स्प्रिंगच्या बंदुकीचा स्वभाव निराळा असतो. चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो व बंदूक मागे येते, आणि तो नळकांड्याच्या टोकाशी कोंडलेल्या हवेवर थांबतो तेव्हा तीच बंदूक उलट पुढे हिसकते. या दुसर्‍या हिसक्याने कड्या मागे सरकतात, आणि काडतुसाच्या बंदुकीचा केवळ मागचा धक्का गृहीत धरून घडविलेल्या दुर्बिणीची आतली भिंगेही ढिली होतात. म्हणून दोनच गोष्टी विचाराव्यात: दुर्बीण स्प्रिंगच्या बंदुकीसाठी बनविलेली आहे काय, आणि मागच्या कडीला बंदुकीच्या भोकात उतरणारी अडसराची खुंटी आहे काय. पैसे कमी असतील तर भिंगावरचे वाचवून कड्यांवर घालावेत, असे माझे निश्चित मत आहे. बंदूक वाळूच्या पिशवीवर ठेवून, तिला हात न लावता, डोळा किंचित इकडेतिकडे हलवावा. आतली फुली निशाणावरून तरंगू लागली, तर ती दुर्बीण शंभर यार्डांसाठी जुळविलेली आहे, आपल्या अंगणासाठी नव्हे.

बसविताना आम्ही गवंड्याचा ओळंबा आणला. पडवीच्या वाशाला तो टांगला, बंदूक समतल केली, फुलीची उभी रेघ त्या दोरीवर आणली आणि मग कड्यांचे स्क्रू तिरपे, एकाआड एक, थोडेथोडे आवळले. पितळी भांड्यांसाठी लौकिक मिळविलेल्या या जिल्ह्यात धातूवर किती जोर द्यावा हे कोणी परक्याने शिकवायला नको. शंभर यार्डांवर पाव इंच सरकविणारा एक खटका वीस मीटरवर जेमतेम १.४ मिलिमीटर सरकवितो, तेव्हा चार सेंटिमीटरची चूक काढण्यास सुमारे २९ खटके लागतात. भाच्याने ते मोठ्याने मोजले.

परंतु हे सारे करावयाचे कुठे? आमच्याकडे पडवीमागे मातीचा उंच ढिगारा होता. ज्याच्याकडे तो नाही, तो पोर बंदूक घेऊन मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या पाळीवर जातो. मालगुजारी गेली, मालगुजार गेले, पण कोहळी समाजाच्या हातांनी बांधलेले हे तलाव आजही धानाच्या बांध्यांना पाणी देतात व हिवाळ्यात परदेशी बदकांना आसरा. नव्या दुर्बिणीत सर्वात आधी दिसते ते पाखरूच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या इतकी व्यापक आहे की जखमी करणे, किंबहुना तसा प्रयत्न करणेही, तीत मोडते. सोळा वर्षांच्या मुलाला हे ठाऊक नसते, आणि केवळ नेम जुळविण्यास जागा न मिळाल्यामुळे त्याच्या नावाचा पंचनामा व्हावा हे मला फार क्लेशदायक वाटते.

माझी मागणी लहान आहे. तालुक्याच्या क्रीडा संकुलात एका कोपर्‍यात वाळूच्या पोत्यांची भिंत असावी, तिच्यापुढे दहा आणि वीस मीटरवर चुन्याच्या दोन रेघा, एक ओळंबा, स्क्रू आवळण्याची हत्यारे, आणि रविवारी सकाळी दोन तास उभा राहील असा एक जाणता माणूस. या कामी निवृत्त जवान भंडार्‍यात मिळतील; मी स्वतः दोघांना विचारले, आणि दोघेही तत्काळ हो म्हणाले.