सह्याद्री सुटला, पाणी शोधले

1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमची स्थिरावली आणि तिचेच लष्कर हे शहर झाले. सह्याद्रीचा पाऊस अंगवळणी पडलेल्या मराठी घरांना इथे भलताच निसर्ग भेटला.

ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, सुमारे 26 अंशांवर आहे. विषुववृत्तापलीकडे जवळजवळ तितक्याच अंतरावर पॅराग्वेची राजधानी असुन्सियोन येते. तिलाही समुद्र नाही आणि उन्हाळा कडक. फक्त तो जानेवारीत. त्याच जानेवारीत ग्वाल्हेर दाट धुक्यात कुडकुडत असते, गाड्या तासन्‌तास रखडतात. मे-जूनमध्ये मात्र पारा 45 अंशांवर जातो आणि लू दुपारचे रस्ते ओस पाडते.

किल्ल्याचा डोंगर वालुकाश्माचा, सपाटीतून एकदम उभा राहिलेला. त्याच्या कड्यांतच पंधराव्या शतकातल्या भव्य जैन मूर्ती कोरल्या आहेत. पण किल्ल्याचे खरे बळ तटांपेक्षा माथ्यावरच्या सूरजकुंडासारख्या तलावांत होते, असे आमचे मत. पाऊस जुलै ते सप्टेंबर एवढाच. बाकीचे महिने साठवणीवर. म्हणूनच सांक नदीवर 1916 मध्ये तिघरा धरण बांधले गेले. विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे खडकवासल्यानंतर इथे बसले. पुढच्याच वर्षी ते धरण फुटले. नंतर पुन्हा उभारले गेले.

शहरातून वाहणाऱ्या स्वर्णरेखेचा मात्र नाला झाला आहे.

ग्वाल्हेर पाहायचे तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत जा, आणि किल्ल्यावरचे तलाव चुकवू नका.