पाण्याचा सामू ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा

खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८९ साली सुरू झाला. एका बाजूला राख, दुसऱ्या बाजूला सिल्लेवाडा-वलनीचा कोळसा आणि जवळून वाहणारी कन्हान, अशा या परिसरात ‘आमच्या विहिरीचे पाणी बरे आहे ना?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. अलीकडे त्याला आणखी एक प्रश्न जोडला गेला आहे, ‘अल्कधर्मी पाण्याचे यंत्र घ्यावे काय?’ दोन्ही प्रश्नांसाठी ‘सामू’ हा एकच शब्द आधी समजून घ्यायला हवा.

पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे सांगणारा आकडा म्हणजे सामू. शेतकरी बांधवांना तो माती परीक्षणाच्या कागदावरून ओळखीचा आहे. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली ही मोजपट्टी मांडली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. लिंबाचा रस २ च्या आसपास, तर चुन्याची निवळी १२ च्या वर. या पट्टीची प्रत्येक पायरी दहापटीची असते. सामू ७ वरून ५ वर आला, तर आम्लता शंभरपट वाढली असे समजावे.

आपल्या घरात याची परीक्षा रोजच होते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. हळद आणि चुना एकत्र आले की कुंकवाचा रंग येतो. साबण आणि चुना दोन्ही अल्कधर्मी आहेत, म्हणून हा बदल. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी, तर अल्कात हिरवट होतो. मुलांना हे जरूर दाखवा. पण विहिरीचे पाणी किंचित अल्कधर्मी असेल तर हळद ते सांगणार नाही. लिटमस कागदही फक्त बाजू सांगतो, आकडा सांगत नाही. त्यासाठी रंगतक्ता असलेला वैश्विक दर्शक कागद किंवा मीटर लागतो. हातपंप चार-पाच मिनिटे चालवावा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी आणि परीक्षा तिथल्या तिथे करावी. पाणी ठेवून दिले की आकडा बदलतो. मीटर वापरण्यापूर्वी ज्ञात सामूच्या द्रावणात तपासून घ्यावा.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक ६.५ ते ८.५ आहे. त्याखालचे पाणी नळाच्या नळ्यांतले लोखंड, तांबे, शिसे विरघळवते. सामू ८ च्या वर गेला की ब्लीचिंग पावडरची जंतू मारण्याची ताकद बरीच कमी होते. पावसाळ्यात विहिरीत पावडर टाकली म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. राखेचे पाणी अल्कधर्मी असेल की आम्लधर्मी, हे कोळशातल्या चुन्यावर आणि गंधकावर अवलंबून असते. ते डोळ्यांनी कळत नाही आणि चवीनेही नाही. ‘खारे’ वा ‘जड’ लागणारे पाणी अल्कधर्मीच असेल, असेही नाही.

आता त्या यंत्राविषयी. आपल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो आणि तो फुप्फुसे व मूत्रपिंडे सांभाळतात. प्यालेले पाणी पोटातल्या तीव्र आम्लात मिसळते. असे पाणी प्याल्याने रक्त अल्कधर्मी होऊन रोग बरे होतात, या म्हणण्याला आधार नाही. छातीत जळजळते म्हणून रोज खाण्याचा सोडा घेणेही बरे नव्हे. त्यातले सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला बाधते. जळजळ दोन-तीन आठवडे राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

सामू ठीक आला म्हणजे पाणी शुद्ध ठरले, असेही मानू नये. जंतू, फ्लोराईड, नायट्रेट, जड धातू हे सारे ७ सामूच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही असू शकतात. मात्र एखाद्या विहिरीचा आकडा वर्षानुवर्षे ७.४ राहून एकाएकी ६.३ झाला, तर काहीतरी घडले आहे, हे तो बजावतो. पण त्यासाठी आधीचा आकडा कुठेतरी लिहिलेला हवा.

माझे मागणे एवढेच आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळाही आहेत. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, प्रत्येक सार्वजनिक विहिरीचा आणि हातपंपाचा सामू तारखेसह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. आकडा हलला की नमुना ताबडतोब प्रयोगशाळेत पाठवावा. गावकऱ्यांनी ग्रामसभेत हा फळा मागून घ्यावा. यंत्रावर हजारो रुपये घालण्याआधी एवढे तरी करू या.