मुदतवाढीचा जुलूम

ज्याने नियम पाळला त्याने भुर्दंड सोसायचा आणि ज्याने तो धाब्यावर बसवला त्याने नफा कमवायचा, हा न्याय वर्षानुवर्षे चालू राहिला तर उद्योजकांनी त्यातून काय शिकावे? देशाच्या दूरसंचार खात्याने २०१७ पासून नेमके हेच शिकवले आहे. भोसरीतला एखादा लघुउद्योजक अधिसूचना वाचतो, ती खरी मानतो, कर्ज काढून आपला राऊटर प्रयोगशाळेत पाठवतो, लाखो रुपये मोजून प्रमाणपत्र मिळवतो. त्याचा स्पर्धक त्या अधिसूचनेकडे ढुंकूनही बघत नाही. मुदत तोंडावर येते आणि दिल्लीहून पत्रक निघते: तारीख पुढे गेली. आता बाजारात बिनतपासणीचा माल स्वस्त आणि तपासलेला महाग. प्रामाणिक माणसाच्या गल्ल्यातला पैसा काढून बेफिकिराच्या गल्ल्यात टाकणाऱ्या या पत्रकाला आम्ही उद्योगांना दिलेला दिलासा म्हणायला तयार नाही.

इतिहास ताजा आहे. दूरसंचार उपकरणांची चाचणी आणि प्रमाणन सक्तीचे करणारी नियमदुरुस्ती सप्टेंबर २०१७ मध्ये निघाली. पहिला टप्पा लागू व्हायला २०१९ उजाडले. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यासाठी १ जुलै २०२२ ही तारीख होती. ती १ जानेवारी २०२३ वर गेली, तिथून १ जुलै २०२३ वर. कारण प्रत्येक वेळी तेच होते. नियम तयार, चाचणी करायला जागा नाही! देशातल्या प्रयोगशाळा पुरेशा नव्हत्या, म्हणून तांत्रिक चाचण्यांसाठी परदेशी प्रयोगशाळांचे अहवाल चालवून घ्यावे लागले आणि त्या सवलतीलाही पुन्हा पुन्हा मुदत वाढवून द्यावी लागली. कोणती चाचणी देशात किती ठिकाणी होऊ शकते, एका उपकरणाला किती आठवडे लागतात, रांगेत किती जण येणार, हा हिशेब अधिसूचनेवर सही होण्याआधी कुणी मांडला होता? मांडला असता तर ती तारीख छापण्याचे धाडस झालेच नसते.

चाचणीच नको, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने घराघरांतले राऊटर आणि कॅमेरे काबीज केले. त्यासाठी त्याला कोणतेही कुलूप फोडावे लागले नाही. कारखान्यातून निघताना असलेले सोपे पासवर्ड तसेच राहिले होते, तेवढे त्याला पुरले. त्या उपकरणांची फौज उभी करून त्या ऑक्टोबरात अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास ठप्प करण्यात आली. आज आपल्या बँका, इस्पितळे, शाळा अशाच पेट्यांच्या भरवशावर चालतात. ती पेटी तपासलीच पाहिजे, कसून तपासली पाहिजे. म्हणूनच तर आमचा संताप आहे. जी तपासणी इतकी निकडीची, तिच्या प्रयोगशाळा उभ्या करायला सरकारला वेळ मिळत नाही आणि तारखा बदलायला मात्र मिळतो!

आता या एका पेटीची वणवण पाहा. साधा वायफाय राऊटर. प्रमाणपत्रासाठी तो दिल्लीच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राकडे जातो. त्यातून रेडिओ लहरी निघतात, म्हणून वायरलेस नियोजन शाखेची वेगळी मान्यता. सुरक्षेचे प्रमाणपत्र बेंगळुरूच्या राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्राकडून. त्याच्या अडॅप्टरची नोंदणी भारतीय मानक ब्युरोकडे. ई-कचऱ्याच्या जबाबदारीची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. यातली पहिली तिन्ही दारे एकाच दूरसंचार खात्याची आहेत! एकाच घराच्या तीन खोल्यांत तीन अर्ज, तीन फिया. मोठ्या कंपन्या या कामाला स्वतंत्र माणसे नेमतात. ज्याच्या कारखान्यात वीस माणसे आहेत त्याने सोल्डरिंग करायचे, माल विकायचा की पोर्टलवर कागद चढवत बसायचे? त्यात एखादी चिप बाजारातून गायब झाली आणि दुसरी बसवावी लागली, की बदललेल्या उपकरणाचे कागद पुन्हा नव्याने.

हा गोंधळ अटळ नाही, हे खात्याने स्वतःच सिद्ध केले आहे. मोबाइल फोन, स्मार्टवॉच, स्मार्ट कॅमेरे यांना इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाची सक्तीची नोंदणी आधीच होती, तरी दूरसंचार खात्यानेही त्यांच्यावर हक्क सांगितला. अखेर दुहेरी जाच होतो हे मान्य करून ती उपकरणे वगळण्यात आली. शुल्काचेही तेच. सुरक्षा मूल्यांकनासाठी खाते दोन ते साडेतीन लाख रुपये घेत असे. ऑगस्ट २०२५ पासून त्यात ९५ टक्क्यांपर्यंत कपात झाली. निर्णयाचे स्वागतच आहे. पण दोन लाखांचे काम दहा हजारांत भागत असेल, तर आधीचे दोन लाख कोणत्या हिशेबाने घेतले, याचा जाब आम्ही विचारणारच. त्या दोन लाखांपायी ज्यांनी आपले उपकरण बाजारात आणायचा विचारच सोडला, त्यांची नोंद कोणत्या फायलीत आहे?

युरोपातही तारीख पुढे गेली, असा बचाव होईल. गेली, हे खरे. रेडिओ उपकरणांच्या सायबर सुरक्षेचे नियम १ ऑगस्ट २०२४ ला लागू व्हायचे होते, ते १ ऑगस्ट २०२५ ला झाले. पण मानके तयार होणार नाहीत हे ओळखून तिथे तो निर्णय २०२३ मध्येच जाहीर झाला. कारखानदाराला आपले वेळापत्रक बदलायला महिने मिळाले. आपल्याकडे न्हावा-शेवाला कंटेनर लागलेला असतो, डेमरेजचे मीटर पळत असते आणि आयातदार पत्रकाची वाट बघत बसतो.

१८८५ च्या तार कायद्याची आणि १९३३ च्या वायरलेस कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. मानके आणि प्रमाणन ठरवण्याचा अधिकार त्याच्या १९ व्या कलमात आहे. जुने नियम जाऊन नवे येण्याची हीच वेळ आहे आणि जुने दुखणे नव्या नियमांत घुसण्याचीही हीच. म्हणून आमची मागणी आत्ता आहे. पुरेशा प्रयोगशाळा मान्यता घेऊन उभ्या राहिल्याशिवाय कोणत्याही उपकरणाला सक्तीची तारीख लावू नये. खात्याच्या तिन्ही खोल्यांसाठी अर्ज एकच असावा. जुन्या नियमांखाली मिळालेले प्रमाणपत्र त्याच्या मूळ मुदतीपर्यंत चालावे, नव्या कायद्याचे निमित्त करून कुणाला दुसऱ्यांदा रांगेत उभे करू नये. तारीख बदलायचीच असेल तर निदान सहा महिने आधी सांगावे, आणि ज्याने वेळेत प्रमाणपत्र घेतले त्याचे शुल्क त्याच पत्रकात परत करावे. अर्जदाराला उशीर झाला तर माल अडतो. तसाच कचेरीला उशीर झाला तर ठरलेल्या दिवसांनंतर अर्ज मंजूर धरला जावा, आणि जिथे सुरक्षेपायी तसे करता येत नसेल तिथे रोजच्या उशिराचा दंड खात्याने त्या उद्योजकाला द्यावा. नियमात हे एक कलम घाला, मग बघू पुढची मुदतवाढ कोण मागतो ते.