तिसऱ्या फेजची उसनवारी

आपल्या भागात बऱ्याच घरांच्या मागल्या खोलीत एखादं तरी जुनं मशीन गोणपाटाखाली झाकून ठेवलेलं असतं. मराठी घरात तो माग असतो, शेजारच्या कन्नड घरात मग्ग, तर कुणाकडे लेथ नाहीतर ड्रिलिंग मशीन. धंदा बसला, भावांत वाटण्या झाल्या, भाड्याचा गाळा सोडावा लागला आणि वडिलांचं मशीन घरी आलं. मशीन घरी येतं, पण त्याची मोटार थ्री फेजची असते आणि घरातली वीज सिंगल फेजची. मग प्रश्न पडतो, हे चालवायचं कसं? की भंगारात घालायचं?

अगदी हाच प्रश्न मला बऱ्हाणपुरात भेटला. आमच्या एका सहकाऱ्याचे मामा तिथे तापीकाठी, राजघाटाजवळ राहतात. मी इतिहास शिकवतो, म्हणून गेलो होतो शाही किल्ला पाहायला. सतराव्या शतकात ताव्हर्निए हा फ्रेंच प्रवासी या गावातून गेला आणि इथलं तलम कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जातं असं त्यानं लिहून ठेवलं. आजही बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचं गाव आहे. गल्लीबोळांतून तो खडखडाट ऐकला की आपल्या शहापूर-वडगावची आठवण होते.

मामांच्या वडिलांचं मागाचे सुटे भाग दुरुस्त करण्याचं लहानसं वर्कशॉप होतं. ते बंद झालं आणि तिथलं खराद मशीन, म्हणजे आपला लेथ, घरात आलं. मोटार एक अश्वशक्तीची. मामी म्हणत होत्या, "विकून टाका, खोली तरी मोकळी होईल." मामा म्हणत होते, "याच मशीनवर आम्ही चौघं भावंडं शिकलो." आणि मुलगा म्हणत होता, "बाबा, कंडेन्सर लावला की झालं."

'कंडेन्सर लावला की झालं' हे वाक्य आपल्याकडेही रोज ऐकू येतं. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे.

थ्री फेज मोटारीत गुंडाळ्यांचे तीन संच असतात. तीन फेजमधला प्रवाह एकामागून एक, ठरावीक अंतरानं शिखर गाठतो. त्यामुळे आतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि मधला रोटर त्याच्यामागे धावतो. ही युक्ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची. डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या इंजिनिअरनं १८८९ मध्ये अशी मोटार बनवली आणि १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफर्ट असा १७५ किलोमीटरचा थ्री फेज वीजवहनाचा प्रयोग झाला. आपल्या घरांशी या मोटारींचं नातं आणखी जवळचं आहे. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पुत्र रवि किर्लोस्कर यांनी १९४६ साली बेंगळुरूत विजेच्या यंत्रांचा कारखाना काढला.

सिंगल फेजमध्ये मात्र चुंबकीय क्षेत्र फिरत नाही. ते झोपाळ्यासारखं एकाच रेषेत पुढे-मागे होतं. अशा विजेवर थ्री फेज मोटार लावली, तर ती जागीच गुरगुरते, नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि थोड्याच वेळात वाइंडिंग जळल्याचा वास येतो. दोरी गुंडाळून शाफ्टला हिसका दिला तर ती फिरू लागते, हेही खरं. पण त्या हिसक्यात बोटं गेलेली माणसं आपल्याकडे आहेत, म्हणून तो उपाय विसरलेला बरा.

कंडेन्सरचं काम असं, की तो तिसऱ्या गुंडाळीतला प्रवाह पुढे-मागे सरकवतो आणि तिसऱ्या फेजचा आभास निर्माण करतो. ही झाली उसनवारी! आधी मोटारीची पाटी वाचावी. आपल्याकडच्या लहान मोटारी बहुधा ४१५ व्होल्टला स्टार जोडणीच्या असतात. स्टारमध्ये प्रत्येक गुंडाळीला सुमारे २४० व्होल्ट मिळतात. तीच मोटार डेल्टा जोडणीत आणली, तर घरच्या विजेवरही प्रत्येक गुंडाळीला तेवढेच व्होल्ट मिळतात. पेटीत सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून काम होतं. तीनच असतील तर आतला स्टारचा सांधा उघडून टोकं बाहेर काढावी लागतात आणि ते काम वाइंडरचंच. स्टारमध्येच ठेवून २४० व्होल्टवर चालवली तर ताकद जेमतेम एक तृतीयांश उरते.

ढोबळ हिशेब असा, की एका किलोवॅटला सुमारे ७० मायक्रोफॅरड. मामांच्या एक अश्वशक्तीच्या, म्हणजे पाऊण किलोवॅटच्या मोटारीला ५० च्या आसपासचा, ४४० व्होल्टचा आणि सतत चालणारा रनिंग कंडेन्सर लागेल. एवढं करूनही ताकद साधारण दोन तृतीयांशच मिळते आणि सुरू होतानाचा जोर तर फारच कमी. लेथला हे चालून जातं, कारण पट्टा सैल ठेवून तो रिकामा सुरू करता येतो. मागाचं तसं नाही. माग दर वेळी भारासकट झटक्यानं उठतो, दिवसातून अनेकदा थांबतो नि पुन्हा सुरू होतो. तिथे हा उपाय मोटारीच्या जिवावर बेततो.

दुसरा मार्ग ड्राइव्हचा. ही पेटी सिंगल फेज घेते आणि आतल्या आत २४० व्होल्टची खरी तीन फेज तयार करते. मोटार डेल्टात असली तर पूर्ण ताकद मिळते, वेग कमी-जास्त करता येतो आणि सुरुवात हळुवार होते. मात्र ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये जुना स्विच ठेवून तो चालू-बंद करू नये आणि कंडेन्सर तर काढूनच टाकावा. तिसरा मार्ग सर्वांत साधा: मोटारच बदलून सिंगल फेजची बसवायची. वडिलांची आठवण मशीनमध्ये असते, मोटार बदलल्यानं ती जात नाही.

उसनवारी सगळ्यांनीच केली तर काय होतं, हे शेतकऱ्यांना विचारावं. गावाला सिंगल फेज असलेल्या वेळात कंडेन्सर लावून पंप चालवायचे प्रकार अनेक राज्यांत झाले. गुजरातेत त्या जुगाडाला 'टोटा' म्हणत. भार एकाच बाजूला पडून रोहित्रं जळत आणि चुकी चार जणांची असली तरी अंधार सगळ्या गावाला. शेवटी २००३ नंतर तिथे ज्योतिग्राम योजनेत शेतीच्या आणि गावठाणाच्या वाहिन्या वेगळ्या केल्या.

म्हणून मामांच्या घरी मी एकच प्रश्न विचारला, "या मशीनवर काम किती करायचंय?" आठवड्यातून दोनदा एखादी बुश कातायची असेल, तर कंडेन्सर पुरे. रोज गिऱ्हाइकांचं काम घ्यायचं असेल, तर थ्री फेज जोडणीचाच अर्ज करावा. घरगुती मीटरवर धंदा चालवणं हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दरानं होते. अंथरूण पाहून पाय पसरावे, असं आपण म्हणतो. कन्नडमध्येही 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' म्हणतातच. मामांनी रोजच्या कामाचा विचार सोडला, मामींनी विकायचा. मशीन खिडकीशी सरकलं आणि निम्मी खोली मामींना मिळाली.

वाचकहो, तुमच्याही घरी असं मशीन असेल, तर जाणत्या वाइंडरला बोलवा. अर्थिंग तपासून घ्या, ओव्हरलोड रिले आणि गळती पकडणारा ब्रेकर बसवून घ्या. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये झटका शिल्लक असतो, हे घरातल्या मुलांना आवर्जून सांगा. आणि मोटार नुसतीच गुरगुरली, तर कौतुकानं पाहत उभं न राहता आधी मेन स्विच बंद करा.